छप्पर उडाले, पण आत काय फुटले? अणुभट्टीच्या इमारतीचे फोटो वाचायचे कसे

केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना) : मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष थांबला आणि लगेच मोबाईलवर एक डोंगर फिरू लागला. पाकिस्तानातील किराना हिल्स. उपग्रहातून काढलेला फोटो, त्यावर लाल गोल आणि खाली ठाम वाक्य : अणुसाठा फुटला, किरणोत्सर्ग पसरला. १२ मे रोजी हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की किराना हिल्सवर आपण हल्ला केलेला नाही. पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग बाहेर पडलेला नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही स्पष्ट केले. तोपर्यंत हजारो लोकांचे निष्कर्ष काढून झाले होते. कोणी आनंदले, कोणी घाबरले. फोटोत नेमके काय दिसते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

फोटो खोटा असेल तर तो ओळखण्याचे मार्ग आता बऱ्याच तरुणांना माहीत आहेत. फोटो खरा असतो तेव्हा जास्त गोंधळ होतो. पडलेल्या भिंतीचा खरा फोटो समोर असतो आणि त्यावरून आपण भिंतीमागच्या गोष्टींबद्दल बोलू लागतो. हा लेख त्याबद्दल आहे.

विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. केदारखेड्यापासून तारापूरचे अणुवीज केंद्र तीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. पण महाराष्ट्रात तारापूर आहे, जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा प्रस्ताव आहे, आणि देशात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज निर्माण करण्याचे लक्ष्य केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' विधेयक मंजूर करून हे क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुले केले. म्हणजे येत्या वीस वर्षांत अणुभट्ट्या वाढणार, त्या बांधणारे हात वाढणार आणि त्यांच्याबद्दलच्या बातम्या, अफवा व खुलासेही वाढणार. त्या वेळी आपण कोणाचे ऐकायचे, यापेक्षा आपण स्वतः काय तपासू शकतो हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

जालन्याच्या माणसाला हे समजायला सोपे आहे

जालना सळईचे शहर आहे. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांवर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे जगतात. आपल्या गावांतील कितीतरी तरुण सेंट्रिंग, बांधकाम, फॅब्रिकेशन यांत आहेत. त्यामुळे इमारतीत भार कोण उचलतो आणि नुसते झाकायचे काम कोण करतो, हा फरक त्यांना पुस्तकाशिवाय कळतो. कॉलम आणि बीम उभे असतील, मधली विटांची भिंत पडली असेल, तर घर विद्रूप दिसते पण उभे राहू शकते. उलट गिलावा गुळगुळीत आहे, रंग ताजा आहे आणि आत कॉलमची सळई गंजून फुगली आहे, अशी इमारत फोटोत छान दिसते आणि एक दिवस माणसांसह खाली येते.

अणुभट्टीच्या इमारतीचा फोटो वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा. जे पडले आहे ते भार उचलणारे आहे की झाकणारे?

अणुभट्टीत इंधनाभोवती एकात एक अशी आवरणे असतात. इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियम या धातूच्या नळ्यांत बंद असतात. त्या नळ्या जाड पोलादी पात्रात असतात. फुकुशिमात या पात्राची जाडी साधारण १६ सेंटीमीटर होती. त्याबाहेर पोलादाचे आणखी एक मोठे कवच असते आणि त्याभोवती जाड काँक्रीट. या सगळ्याच्या बाहेर जी चौकोनी इमारत असते, तीच आपल्याला फोटोत दिसते. फुकुशिमासारख्या भट्टीत या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला म्हणजे क्रेन आणि इंधन बदलण्याचे मोठे दालन. त्याच्या भिंती आणि छप्पर हे खालच्या भागाच्या मानाने हलके असते.

फुकुशिमा : चार इमारती, चार वेगळ्या कहाण्या

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये ९.० क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे पन्नास मिनिटांनी फुकुशिमा दायची केंद्रावर १४ ते १५ मीटर उंचीची त्सुनामी आदळली. केंद्राची तयारी साधारण ५.७ मीटरच्या लाटेची होती. वीज गेली, डिझेल जनरेटर बुडाले, इंधन थंड ठेवणारे पाणी फिरेनासे झाले. त्या वेळी १, २ आणि ३ क्रमांकाच्या भट्ट्या चालू होत्या. क्रमांक ४ तपासणीसाठी बंद होती आणि तिचे सगळे इंधन वरच्या पाण्याच्या कुंडात ठेवलेले होते.

इंधन फार तापले की झिर्कोनियम आणि वाफ यांच्यात रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. पोलादी कवचात नायट्रोजन भरलेला होता, त्यामुळे तिथे स्फोट झाला नाही. पण दाब वाढल्यावर हायड्रोजन सांध्यांतून गळून बाहेरच्या इमारतीत आला. हायड्रोजन हलका असतो, तो वर चढतो. वरच्या मजल्यावर तो हवेत मिसळला आणि पेटला. म्हणून तीनही स्फोटांत इमारतींच्या माथ्याचे मोठे नुकसान झाले.

आता फोटो पाहू.

क्रमांक १ चा स्फोट १२ मार्चला दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी झाला. फोटोत वरचा मजला हाडांच्या सापळ्यासारखा दिसतो. पोलादी खांब आणि आडव्या पट्ट्या उभ्या आहेत, त्यांवरचे पत्रे आणि फलक उडून गेले आहेत. या इमारतीचा वरचा भाग पोलादी सांगाडा आणि त्यावर बसवलेले फलक असा होता. फलक लवकर सुटले, दाबाला वाट मिळाली, सांगाडा वाचला.

क्रमांक ३ चा स्फोट १४ मार्चला सकाळी ११ वाजून १ मिनिटाने झाला. इथे वरच्या भिंती काँक्रीटच्या होत्या. त्या लवकर सुटल्या नाहीत, तुटल्या. फोटोत छपराचे पोलादी त्रिकोण वेडेवाकडे होऊन मजल्यावर कोसळलेले दिसतात आणि काँक्रीटचे मोठे तुकडे आसपासच्या इमारतींवर पडलेले दिसतात. धुराचा काळा लोट सरळ वर गेला. हे दृश्य इतके भयंकर होते की हा अणुस्फोटच होता, इंधनाचे कुंड उडाले, असे दावे वर्षानुवर्षे चालले. पुढे त्या कुंडातून इंधनाचे ५६६ जुडगे एकेक करून बाहेर काढण्यात आले. ते काम फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ण झाले. कुंड उडाले असते तर काढायला काय उरले असते?

क्रमांक २ ची इमारत फोटोत जवळपास धड दिसते. समुद्राकडच्या बाजूला एक चौकोनी भोक आहे आणि त्यातून पांढरी वाफ येते. क्रमांक १ च्या स्फोटाच्या धक्क्याने तिथला एक फलक निसटला होता. त्यातून हायड्रोजन बाहेर जात राहिला आणि इमारत फुटली नाही. पण आतले पोलादी कवच गळत होते. बाहेर गेलेल्या किरणोत्सर्गाचा मोठा वाटा या सगळ्यात कमी मोडक्या दिसणाऱ्या इमारतीतून आला, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. चार फोटो शेजारी ठेवून 'सर्वांत धोकादायक कोणती?' असे विचारले तर बहुतेक जण क्रमांक ३ कडे बोट दाखवतील. क्रमांक २ कडे कोणी पाहणारही नाही.

चौथ्या इमारतीने तज्ज्ञांनाही फसवले

क्रमांक ४ बंद होती. तिच्या भट्टीत इंधनच नव्हते. तरीही १५ मार्चला सकाळी तिची इमारत फुटली. फोटोत वरच्या मजल्याबरोबर खालच्या मजल्यांच्या भिंतीही फुटलेल्या दिसतात. मग हायड्रोजन आला कुठून? इंधन फक्त वरच्या कुंडात होते. एकूण १,५३५ जुडगे. तेव्हा कुंडातले पाणी आटले असणार, इंधन उघडे पडले असणार, असा तर्क झाला. १६ मार्च रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी याझ्को यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कुंडात पाणी उरलेले नाही असे सांगितले. जगभर मथळे झाले.

त्याच दिवशी हेलिकॉप्टरमधून पाहणी करणाऱ्यांना कुंडात पाणी चमकताना दिसले होते. पुढे पाण्याचे नमुने आणि पाण्याखालचे चित्रीकरण यांतून इंधन शाबूत असल्याचे सिद्ध झाले. हायड्रोजन शेजारच्या क्रमांक ३ मधून आला होता. दोन्ही इमारतींचे वायू बाहेर सोडणारे नळ एकाच उंच चिमणीला जोडलेले होते, आणि क्रमांक ३ चा वायू उलटा क्रमांक ४ मध्ये शिरला. पुरावा कुठे मिळाला? नळातल्या गाळण्यांत. क्रमांक ४ च्या गाळण्यांची मोजणी केली तेव्हा आतल्या बाजूपेक्षा क्रमांक ३ कडच्या बाजूला किरणोत्सर्ग जास्त आढळला. म्हणजे घाण बाहेरून आत आली होती.

याझ्को काही गावगप्पा मारणारे गृहस्थ नव्हते. त्यांच्या हाताशी जगातले उत्तम तज्ज्ञ होते. फोटोही खरे होते. चुकली ती मधली पायरी. 'भिंत फुटली, म्हणून याच इमारतीत हायड्रोजन तयार झाला' हे फोटोत कुठेच नव्हते, ते पाहणाऱ्यांनी जोडले होते. नळ फोटोत दिसत नव्हता, म्हणून तो विचारातही आला नाही.

ओळंबा आणि पाण्याची लेव्हल

यानंतर खरा प्रश्न उभा राहिला. क्रमांक ४ ची इमारत कलली आहे का? एवढे इंधन वरच्या कुंडात आहे, खालच्या भिंती फुटल्या आहेत, आणखी एक भूकंप आला तर? काही फोटोंत इमारत वाकडी दिसत होती. पण रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात सरळ भिंतही वाकडी दिसते. मोबाईलने लेण्याच्या खांबाचा जवळून फोटो काढून पाहा, तोही कललेला दिसेल.

केंद्र चालवणाऱ्या कंपनीने केलेली एक तपासणी आपल्या कोणत्याही मिस्त्रीला लगेच पटेल. कुंडातल्या पाण्याचा पृष्ठभाग नेहमी समपातळीत असतो. म्हणून मजल्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजायचे. चारही अंतरे सारखी आली तर मजला कललेला नाही. आपले मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून पाया आणि जोत्याची लेव्हल काढतात, तत्त्व तेच. मोजणीत मजला कललेला आढळला नाही. भिंतींचे स्वतंत्र मोजमाप केले तेव्हा एका बाहेरच्या भिंतीला काही सेंटीमीटरचा फुगवटा मात्र सापडला. दरम्यान जुलै २०११ पर्यंत कुंडाखाली पोलादी आधार आणि काँक्रीट घालून मजबुती करण्यात आली. डिसेंबर २०१४ पर्यंत सगळे १,५३५ जुडगे सुखरूप काढून झाले.

यातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. 'इमारत पडणार' म्हणून ओरडणाऱ्यांनी मोजमाप मागायला हवे होते. 'काळजीचे कारण नाही' म्हणणाऱ्यांनी ते मोजमाप पहिल्याच महिन्यांत लोकांपुढे ठेवायला हवे होते. फोटोवरून सुरू झालेला वाद शेवटी मोजपट्टीने मिटला.

आतले फोटो यायला बारा वर्षे लागली

फोटोंनी भीती वाढवली तशी फोटोंनी खोटी निश्चिंतीही दिली. क्रमांक १ चा सांगाडा उभा होता, म्हणून ती इमारत अनेकांना तुलनेने बरी वाटली. आत मात्र इंधन पहिल्याच रात्री वितळू लागले होते. कंपनीने हे मे २०११ मध्ये कबूल केले, आणि 'वितळणे' हा शब्द मुद्दाम टाळला गेला होता हे मान्य करायला २०१६ साल उजाडले. मार्च २०२३ मध्ये पाण्याखाली चालणारे यंत्र क्रमांक १ च्या पोटात गेले. भट्टीच्या पात्राला खालून आधार देणाऱ्या काँक्रीटच्या गोल बैठकीचे फोटो त्याने पाठवले. आतल्या बाजूने खालचे काँक्रीट नाहीसे झाले होते आणि सळया उघड्या उभ्या होत्या. ज्या कॉलमवर सगळा भार, त्याच्या बुडाचे काँक्रीट गेलेले. बारा वर्षे बाहेरून काढलेल्या एकाही फोटोत हे दिसणे शक्य नव्हते.

असाच प्रकार चेर्नोबिलला झाला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथल्या जुन्या भट्टीवर उभारलेल्या प्रचंड पोलादी कमानीवर ड्रोन आदळला. फोटोत अवाढव्य छपरावर एक छोटे भोक दिसत होते आणि परिसरातील किरणोत्सर्ग वाढला नव्हता. पण आतल्या थरांतली आग अनेक दिवस धुमसत राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाहणीनंतर सांगितले की कमानीचा भार उचलणारा सांगाडा कायमचा बिघडलेला नाही, पण किरणोत्सर्ग आत कोंडून ठेवण्याचे तिचे मुख्य काम तिला आता करता येत नाही. सांगाडा ठीक, काम बंद. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि फोटो फार तर पहिल्याचे अर्धे उत्तर देतो.

आपल्या शेजारचे उदाहरण : कैगा, १९९४

दूर जपानला जायची गरज नाही. गोव्याच्या खाली, कारवार जवळ कैगा आहे. १३ मे १९९४ रोजी तिथे बांधकाम चालू असलेल्या पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट खालच्या बाजूने सुटून कोसळले. सुमारे १३० टन काँक्रीट जवळपास ३० मीटर उंचीवरून खाली आले. १४ कामगार जखमी झाले. भट्टीत अजून इंधन नव्हते म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही. हाच घुमट भट्टी सुरू असताना सुटला असता तर?

कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा घुमटाच्या काँक्रीटमध्ये पोलादी दोर घालून ते प्रचंड ताणाने आवळतात. त्यामुळे काँक्रीट दाबलेले राहते आणि आतून दाब आला तरी फाटत नाही. पण घुमट वक्र असतो. वक्र भागात आवळलेला दोर काँक्रीटच्या थरांना एकमेकांपासून अलग करू पाहतो. त्या दिशेने बांधून ठेवणारी सळई पुरेशी नसेल तर काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. कैगात तेच झाले. त्यानंतर रचना बदलावी लागली, राजस्थानातील तशाच भट्ट्यांच्या घुमटांचाही फेरविचार झाला, आणि कैगाची ती भट्टी २००० साली सुरू झाली.

कोसळण्याच्या आदल्या दिवशी त्या घुमटाचा बाहेरून फोटो काढला असता तर तो अखंडच दिसला असता. अमेरिकेत फ्लोरिडामधील क्रिस्टल रिव्हर केंद्रात २००९ मध्ये दुरुस्तीसाठी भिंतीला भोक पाडले तेव्हा कळले की काँक्रीट आतल्या आत थर सुटून चिरले आहे. बाहेरून काहीच दिसत नव्हते. ते केंद्र पुन्हा चालू झालेच नाही. २०१३ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. काँक्रीटचा हा आजार ठोकून, ध्वनिलहरी सोडून, तुकडा कापून कळतो. कॅमेऱ्याने कळत नाही.

तारापूरचे फोटो आणि तारापूरची माहिती

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, पाणी उकळवून वाफ करणाऱ्या जातीच्या, म्हणजे फुकुशिमाच्याच कुळातल्या. फुकुशिमानंतर भारतीय अणुऊर्जा महामंडळाने नेमलेल्या गटाने या दोन भट्ट्यांच्या कवचात नायट्रोजन भरण्याची सोय करावी, असे सुचवले होते. म्हणजे जपानच्या फोटोंचा संबंध पालघर जिल्ह्याशी होता, हे अधिकृत यंत्रणेनेही मानले.

इथे आपल्याला लागणारी माहिती फोटोत मिळणार नाही. काँक्रीटच्या तपासण्या कधी झाल्या, काय आढळले, कोणत्या शिफारशी पूर्ण झाल्या, कोणत्या राहिल्या, हे कागदावर असते. आणि तो कागद मिळवणे सोपे नव्हते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ सरकारला अणुकेंद्रांची माहिती रोखून धरण्याचा अधिकार देत होते. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. तो कागदावर राहतो की मंडळ खरोखर तपासणीचे अहवाल लोकांपुढे ठेवते, यावर लक्ष ठेवणे हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे. खासगी कंपन्या आल्यावर 'व्यावसायिक गुपित' हे आणखी एक कुलूप लागू शकते.

फोटोत न दिसणारे कामगार

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत होते. वीज हा विषय त्याच खात्याकडे होता आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच काळात उभे राहिले. देशाला भरपूर आणि स्वस्त वीज हवी, ही त्यांची भूमिका होती. त्याच खात्यातून त्यांनी कामगारांच्या सुरक्षिततेचे आणि हक्कांचे काम केले. वीज आणि ती निर्माण करणारा कामगार हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे काढले नाहीत. आपल्यालाही ते वेगळे काढता येणार नाहीत.

फुकुशिमात ढिगारे उपसणारे, नळ्या ओढणारे, पाणी मारणारे बहुसंख्य लोक कंत्राटदारांचे, उपकंत्राटदारांचे कामगार होते. आणीबाणीत काम करणाऱ्यांसाठी किरणोत्सर्गाची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्ट करण्यात आली. २०१२ मध्ये उघड झाले की एका उपकंत्राटदाराने कामगारांना छातीवरच्या मापकावर शिशाची पट्टी लावायला सांगितले होते, म्हणजे आकडा कमी दिसावा. तेव्हा फोटोवर विसंबू नका, आकडे मागा, एवढे म्हणून भागत नाही. आकडा कोणी मोजला, मापक कोणाच्या छातीवर होते आणि नोंदवही कोणाकडे आहे, हेही विचारावे लागते. आपल्याकडे कंत्राटी, रोजंदारीची आणि सफाईची कामे कोणत्या समाजांच्या वाट्याला येतात, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जालन्याचा यात थेट संबंध आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ सापडला. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या प्रयोगयंत्रातून तो भंगारात आला होता. एका कामगाराचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. त्या भंगाराचा फोटो काढला असता तर इतर लोखंडासारखेच लोखंड दिसले असते. भंगारावर चालणाऱ्या आपल्या भट्ट्यांच्या फाटकावर किरणोत्सर्ग तपासणारे यंत्र आहे का, चालू आहे का, हा प्रश्न जालन्यातील कामगार संघटनांनी विचारायला फुकुशिमाची वाट पाहायची गरज नाही.

पुढचा फोटो आला की हे तपासा

१. फोटो कधीचा आणि कोणत्या बाजूने काढलेला? एका बाजूचा फोटो म्हणजे एका बाजूचीच माहिती. आधीचा फोटो शोधून शेजारी ठेवा.

२. पडले ते पत्रे आणि भिंती, की खांब आणि तुळया? सांगाडा सरळ आहे की वाकला आहे?

३. कडा कुठे वळल्या आहेत? बाहेर वळल्या असतील तर दाब आतून आला, आत वळल्या असतील तर मार बाहेरून बसला.

४. ढिगारा कुठे आणि किती लांब पडला आहे?

५. पांढरी वाफ, काळा धूर, करपलेले डाग वेगळे ओळखा. पांढरी वाफ थंडीत साध्या गरम पाण्याचीही दिसते. तिच्यातून किरणोत्सर्ग येतो की नाही हे रंगावरून कळत नाही.

६. फोटोत काय नाही ते लिहून काढा : पात्र, कवच, कुंडातले पाणी, नळ, आतल्या भेगा, किरणोत्सर्ग. यांपैकी कशाबद्दलही कोणी ठाम बोलत असेल तर त्याला फोटोबाहेरचा पुरावा मागा.

७. मग आकडा मागा. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. सामान्य जनतेसाठी अणुकेंद्रांमुळे होणाऱ्या वाढीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. 'किरणोत्सर्ग आढळला' हे वाक्य कुठे, किती, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे मोजणीचे जाळे देशभर आहे. तेथील नोंदी मराठीत, वेळच्या वेळी, गावापर्यंत याव्यात ही मागणी रास्त आहे.

हे सगळे करून कधी उत्तर मिळेल, कधी 'एवढ्यावरून सांगता येत नाही' असे म्हणावे लागेल. तेही उत्तरच आहे, आणि ग्रुपवर ते लिहायला हिंमत लागते. घाबरवणारा फोटो पुढे ढकलण्याचे परिणाम खरे असतात. फुकुशिमा परिसरातून सुमारे दीड लाख लोकांना घरे सोडावी लागली आणि घाईचे स्थलांतर, उपचारांतला खंड, एकटेपणा यांमुळे फुकुशिमा प्रांतात २,३०० हून जास्त मृत्यू आपत्तीशी संबंधित म्हणून नोंदले गेले. त्यांत बहुतेक वृद्ध होते. दुसरीकडे, जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात माणसाने घडवलेला होता, असा निष्कर्ष दिला. म्हणजे भीती पसरवणे आणि माहिती दडपणे या दोन्ही गोष्टींनी माणसांचे नुकसान झाले.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरच्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी पोलीस गोळीबारात एक तरुण गेला. या माणसांना प्रश्न विचारण्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नव्हती आणि आपल्यालाही लागणार नाही. सळई कुठे आहे, लेव्हल कोणी काढली आणि नोंद कुठे आहे, एवढे विचारायला जालन्याच्या मिस्त्रीचे ज्ञान पुरते. पुढच्या वेळी मोबाईलवर मोडकी अणुभट्टी आली की ती पुढे पाठवण्याआधी हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना माहिती अधिकारात लेखी विचारा.